पोलादी काळजाचे थेंब

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ७.१०
आजपासून रोजनिशी. मन अत्यंत शांत आहे, त्याची कुठेतरी नोंद असावी म्हणून.

आमच्या उपमुख्याध्यापिका बुरुलचा बाईंनी शनिवारी बोर्डावर कागद लावला. २४ तारखेला नारिन शहरातून तीन जणांची कमिटी येणार. खुला तास. वर्ग नववी ब. शिक्षक : शायलोबेक. म्हणजे मी, मुलांचा अगाय, मास्तर. नव्या सिलॅबसमधलं प्रकरण : जाहिरात आपल्याला कसं पटवते, आणि गोष्ट कोणाच्या नजरेतून सांगायची. नापास झालो तर वरची श्रेणी जाणार आणि मला खालच्या वर्गांना अक्षरं गिरवायला बसवणार, असं बाई म्हणाल्या. हसत म्हणाल्या. त्या हसतात तेव्हा खरं बोलत असतात.

कागद वाचताना हात कापत होते. थंडीने. आमच्या आत-बाशी गावात नोव्हेंबरात सगळ्यांचेच कापतात.

मागच्या खुल्या तासाचा इथे काही संबंध नाही. मागच्या वेळी मी हजेरी घेतली, मग पुन्हा हजेरी घेतली आणि बेल झाली. तेव्हा मला सर्दी होती.

ठराव : रोज आरशासमोर अर्धा तास सराव.

४ नोव्हेंबर
आरशासमोर उभा राहिलो. बायको, सोनुन, मागून म्हणाली, "आरशाला एवढं घाबरताय, तर कमिटीला काय सांगणार?" सराव बंद. आरसा धुरकट आहे, डोळ्यांना त्रास होतो.

५ नोव्हेंबर, बुधवार
नववी ब मध्ये उत्तम तास झाला. फळ्यावर लिहिलं : जाहिरातीची तीन हत्यारं. एक, भीती दाखवणं. दोन, घाई करणं. तीन, पांढरा कोट घातलेला माणूस. म्हणालो, ज्याला ही तीन हत्यारं ओळखता येतात, त्याला जगात कोणी फसवू शकत नाही.

मागच्या बाकावरून एर्निस म्हणाला, "अगाय, भीती दाखवून पटवणं म्हणजे बुरुलचा बाईंसारखं का?"

वर्ग हसला. मी हसलो नाही, कारण दार उघडं होतं.

कान्यशाय नावाची मुलगी पहिल्या बाकावर बसते. कमी बोलते. तिने विचारलं, "पण अगाय, ज्याला खरंच भीती वाटते, त्याने काय करायचं?" प्रश्न सिलॅबसच्या बाहेरचा होता. तसं सांगितलं.

५ नोव्हेंबर, दुपारी ४.३०
फोनवर जाहिरात आली. पांढऱ्या कोटातला एक गृहस्थ थेट माझ्याकडे बघून म्हणाला, "तुमचे हात कापतात का? चार लोकांत उभं राहिलं की शब्द विसरतात का?" औषधाचं नाव ‘पोलादी काळीज’. डोंगरी मुळ्यांचे थेंब, सकाळी वीस. फक्त सात बाटल्या शिल्लक.

बघता बघता पाच राहिल्या.

दोन मागवल्या. वर्गात नमुना म्हणून दाखवायला. एक दाखवायला आणि एक तुलनेसाठी.

१२ नोव्हेंबर, बुधवार
पोस्टात पार्सल आलं. खिडकीवरच्या बाईने खोका असा हलवला की सगळ्या रांगेला कळावं आत बाटल्या आहेत. खोक्याचं तोंड फाटलेलंच होतं. मागे उल्कान आजी उभ्या होत्या, कान्यशायच्या आजी. वय ऐंशीच्या घरात, आवाज खणखणीत.

"काय रे मास्तर, ‘पोलादी काळीज’ का? चांगलं असतं का हे?"

रांगेत सात माणसं. त्यांतले तीन पालक. माझ्यासाठी आहे म्हणालो असतो तर संध्याकाळपर्यंत गावात झालं असतं की शायलोबेक भित्रा आहे. म्हणून खड्या आवाजात म्हणालो, "उत्तम असतं, आजी! शास्त्रीय आहे." आणि निघालो.

आता वाटतं, ‘उत्तम’वर थांबायला हवं होतं. ‘शास्त्रीय’ जरा जास्त झालं.

१३ नोव्हेंबर
वीस थेंब घेतले. चव कोळशाची. हात कापणं थांबलं नाही. पण कसे कापतात ते आता जास्त स्पष्ट कळतं, ही सुधारणाच आहे.

१७ नोव्हेंबर, सोमवार
मुलांना गृहपाठ : कोणीतरी काहीतरी विकत घेतलं, त्याची गोष्ट लिहा. घेणाऱ्याच्या नजरेतून. सांगणाऱ्याला जे दिसत नाही ते गोष्टीत येता कामा नये. नियम कडक. उत्तम गोष्ट कमिटीसमोर वाचली जाईल.

कान्यशाय गैरहजर.

१८ नोव्हेंबर
कान्यशाय गैरहजर. एर्निसला विचारलं. तो म्हणाला, "तिची आजी अंगणात पडली, अगाय. गायीला गवत घालताना. दवाखान्यात नेलंय. ब्लड प्रेशरच्या गोळ्या बंद करून कसलेतरी थेंब घेत होती म्हणे."

तास पुढे घेतला. काय शिकवलं आठवत नाही.

१८ नोव्हेंबर, दुपारी
शांतपणे विचार केला. मी ‘उत्तम असतं’ म्हणालो ते खोक्याच्या पॅकिंगबद्दल होतं. खोका खरंच मजबूत होता.

फाटलेला होता.

गोळ्या बंद करा असं मी म्हणालो नव्हतो. ते जाहिरात म्हणते, गोळ्यांनी माणूस दुबळा होतो. मी फक्त जाहिरातीला शास्त्रीय म्हणालो.

१९ नोव्हेंबर
बाजारात उल्कान आजींची सून दिसली. कांद्यांच्या पोत्यामागे वाकून बूट बांधत राहिलो. माझ्या बुटांना नाड्या नाहीत. कांदेवाला म्हणाला, "मास्तर, पाय दुखतोय का?" हो म्हणालो. घरापर्यंत लंगडत आलो, कारण तो बघत होता.

ठराव : उद्या दवाखान्यात जाऊन सगळं सांगायचं.

२० नोव्हेंबर
बर्फ. जाता आलं नाही.

इतर सगळे जात-येत होते, पण त्यांची गोष्ट वेगळी.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
उरलेली दीड बाटली मोरीत ओतली. सोनुनने विचारलं, काय ओतताय? म्हणालो, गारठलेला चहा. तिने कणकेच्या तळलेल्या बोर्सोकची ताटली पुढे सरकवली. एकही बोर्सोक गेला नाही. समजा आजींना काही झालं, तर? हे वाक्य पुरं करणार नाही.

कान्यशाय आज आली. वही दिली नाही. म्हणाली, "अगाय, मी सोमवारीच वाचेन."

मी म्हणालो, तू नाही वाचलंस तरी चालेल, दमली असशील.

म्हणाली, "वाचेन."

२४ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ६
तिने माझं नाव लिहिलं असणार. तिच्या जागी मी असतो तर पहिल्याच ओळीत लिहिलं असतं. कमिटीसमोर, बुरुलचा बाईंसमोर.

आजारी पडता येईल का, याचा विचार केला. सोनुन म्हणाली, "कोट घाला, उशीर होतोय."

२४ नोव्हेंबर, दुपारी ३
जमेल तसं लिहितो.

कमिटीत दोन पुरुष आणि फरची टोपी घातलेल्या एक बाई. हजेरी एकदाच घेतली. तीन हत्यारं फळ्यावर लिहिली. मग टोपीवाल्या बाई म्हणाल्या, मुलांचं काही ऐकू द्या. कान्यशाय हात वर न करताच उभी राहिली.

तिने आजी होऊन वाचलं. जेवढं आठवतं तेवढं : "माझं काळीज गोठ्यात कोंडलेल्या वासरासारखं धडका देतं. सुनेला सांगितलं तर ती काम सोडून मला नारिनला नेईल. म्हणून कोणाला सांगितलं नाही. मग फोनमधला डॉक्टर म्हणाला, आजी, तुम्हाला भीती वाटते का? इतक्या वर्षांत मला हे कोणीच विचारलं नव्हतं. एवढं विचारलं म्हणून मी बाटली घेतली."

एर्निस मागच्या बाकावरून पुढे सरकून ऐकत होता.

"एक दिवस पोस्टात एक शिकलेला माणूस भेटला. त्याच्याही हातात तीच बाटली होती. मी विचारलं, चांगलं असतं का? तो म्हणाला, उत्तम असतं."

पडलोच असतो. टेबल धरलं. पुढे ती पडण्याचं आणि दवाखान्याचं वाचत होती, पण माझ्या कानात फक्त ‘उत्तम असतं’.

वाचून झालं. टोपीवाल्या बाईंनी चष्मा पुसला आणि विचारलं, "आणि हा शिकलेला माणूस कोण, बाळ? गावातलाच का?"

कान्यशायने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. ती म्हणाली, "ते सांगता येत नाही, बाई. आजींचा चष्मा घरी राहिला होता. त्यांना टोपी दिसली, तोंड नाही. अगाय म्हणतात, सांगणाऱ्याला जे दिसत नाही ते गोष्टीत आणायचं नाही."

हीच वेळ होती. मी टेबल सोडलं. तोंड उघडलं. म्हणालो, "मी…"

सगळे बघू लागले.

"मी फळा पुसतो," म्हणालो. आणि पुसला.

२७ नोव्हेंबर, गुरुवार
पास. कमिटीचा शेरा : ‘शिक्षकाने भीती आणि दृष्टिकोन हे दोन्ही विषय मुलांपर्यंत जिवंतपणे पोहोचवले आहेत.’ बुरुलचा बाईंनी माझा हात हातात घेतला. श्रेणी कायम. वही मिटून बसलो. कोणी पाठ थोपटली की दचकतो.

कान्यशायला व्हरांड्यात गाठलं. म्हणालो, तू नाव का नाही घेतलंस? तिने बूट घासले फरशीवर. "तुम्ही आधीच पडायला आला होतात, अगाय."

२९ नोव्हेंबर, शनिवार
उल्कान आजींना कालच घरी आणलंय. गेलो. कसा गेलो ते लिहीत नाही. दारापाशी दोनदा मागे वळलो. तिसऱ्यांदा त्यांच्या कुत्र्याने वळू दिलं नाही.

आजी गादीवर उशांना टेकून बसल्या होत्या. बारीक झाल्या आहेत, आवाज तोच. चहा आला. मी पेला खाली ठेवला आणि सगळं बोललो. मीच म्हणालो उत्तम असतं. मीच म्हणालो शास्त्रीय आहे. माझ्या शब्दावर विसंबून तुम्ही गोळ्या सोडल्यात. तुम्हाला काही झालं असतं तर माझ्यामुळे झालं असतं. बोलताना रडलो. हे लिहायला हरकत नाही, कोणी वाचणार नाही.

आजींनी मला संपवू दिलं. मग पोट धरून हसल्या, खोकला लागेपर्यंत. सुनेला आत हाक मारली, "अगं ये, हे ऐक!"

म्हणाल्या, "तुझ्या शब्दावर? अरे मास्तर, तुझ्या शब्दावर आमच्या गल्लीत कोणी बटाटा घेणार नाही. मी पंधरा दिवस आधीपासून थेंब घेत होते. दुसरी बाटली घ्यायला आले होते त्या दिवशी. तू खोका छातीशी धरून उभा होतास, कोकरू पळवून आणल्यासारखा. चेहरा पांढराफटक. म्हटलं, बिचारा घाबरलाय, काहीतरी विचारावं, बोलला की मोकळा होईल."

"म्हणजे तुम्हाला उत्तर नको होतं?"

"उत्तर कोणाला ऐकू आलं? तू इतका ओरडलास की माझ्या कानठळ्या बसल्या."

मग त्यांनी गोळ्यांचा डबा पुढे केला. सकाळची कुठली, संध्याकाळची कुठली, मोठ्या अक्षरांत लिहून दे म्हणाल्या. लिहून दिलं. सूर्य आणि चंद्रही काढून दिले.

सायंकाळी ५
ही झाली आजींच्या नजरेतून हकिकत. आता तीच माझ्या नजरेतून नीट पाहावी, म्हणून पेन घेऊन बसलो.

पाहिली. तशीच दिसते : खोका छातीशी, चेहरा पांढराफटक.