बामची डबी

प्रिय बडबडे,

तुझी लेक आमच्याच कॉलेजात येणार, हे वाचून मी आरोग्यखोलीतल्या खुर्चीतून चक्क उठून उभी राहिले. ‘तू तिथे नर्स आहेस, आता मला कसली काळजी,’ असं लिहिलंयस. तीन पानांत एक पूर्णविराम नाही! होस्टेलच्या खोलीत तू बडबडी आणि मी घुमी, ते काही बदललं नाही बघ.

इथल्या मुलींना डोकेदुखी फार. मी नवीन असताना एकीने ‘डोकेदुखीची गोळी’ मागितली, मी डोकेदुखीचीच दिली. ती गोळीकडे बघत राहिली आणि पुटपुटली, ‘सिस्टर, ही नाही, कालच्या डोकेदुखीची.’ तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दिवस राहू नयेत म्हणून नंतर घ्यायची ती गोळी. जितकी लवकर घ्यावी तितकी बरी, आणि माझ्या कपाटात ती नव्हतीच! मग तिला बाहेर उभं करून मी स्वतः चौकातल्या औषधाच्या दुकानात गेले, माझ्यासाठीच हवी म्हणून मागितली. दुकानदार माझ्या पिकल्या बटेकडे बघत राहिला. म्हटलं, बघू दे.

त्या दिवसापासून प्राचार्यांच्या मागे हात धुऊन लागले. ते म्हणायचे, गोळी ठेवली की मुली बिघडतील. मी म्हटलं, सर, पाण्याची बादली भरून ठेवली म्हणून कोणी घर पेटवत नाही. चौथ्या वर्षी मंजुरी मिळाली. आता मी नाव विचारत नाही की कारण. पाणी देते, गोळी कशी घ्यायची ते सांगते, लवकर उलटी झाली तर परत ये म्हणते. मुली अजून डोकेदुखीच म्हणतात.

सगळे म्हणतात, सिस्टर मोठ्या मनाची. मन मोठं नाही गं, आत टोचणी आहे.

आपण कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला असताना तू रडून डोळे सुजवून बसली होतीस आणि ती गोळी आणायला मला पाठवलं होतंस. मी बामची डबी घेऊन परतले. दुकान बंद आहे, दोन-तीन दिवस उघडणार नाही, टपरीवर एवढंच मिळालं, असं सांगितलं. गोळीला उशीर झाला, दिवस राहिले. तुझी आई येऊन तुला दवाखान्यात घेऊन गेली, परीक्षा बुडाली, कॉलेज सुटलं ते सुटलंच. आणि तू मलाच समजावत आलीस, ‘बंद दुकानाला कोण काय करणार!’

बडबडे, दुकान उघडं होतं. आपले प्रयोगशाळेतले सर खोकल्याचं औषध घेत उभे होते. ते माझ्याबद्दल काय समजतील, या भीतीने माझ्या तोंडून ‘बाम’ निघालं. डबी त्याच दुकानातली. लेकीला माझ्या भरवशावर सोडण्याआधी तुला हे कळायला हवं, म्हणून लिहिलं. माझ्याशी बोलणं टाकलंस तरी तो तुझा हक्क आहे. तिला मात्र एवढं सांग, की आरोग्यखोलीचं दार खरंच उघडं असतं.

तुझीच, इतक्या वर्षांनी बोललेली,
घुमी