पहिली सही

ठमे,

आम्हा सुईणींना स्वतःच्या सहीने औषध लिहून द्यायची कायद्याने परवानगी मिळाली, तेव्हा तू पोट सावरत माझ्या दवाखान्यात आलीस. "ताई, तुझ्या सहीचं पहिलं औषध मलाच हं! बाकीच्यांनी रांगेत उभं राहायचं." मी हसून कबूल केलं.

मग आठवड्यातच बाळ पोटातच गेलं. बाळंतपणानंतर दोन दिवसांनी तुझा गाऊन छातीवर ओला झाला. "ह्या दुधाला कुणी सांगितलंच नाही का गं?" तू विचारलंस. डॉक्टरीणबाईंनी दूध आटवायची गोळी लिहायला पेन काढलं, तर तू म्हणालीस, "नको. ताई लिहील. तिने कबूल केलंय."

मी लिहिली. तुझं खरं नाव क्षणभर आठवेचना. जन्मभर ठमीच म्हटलं ना.

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही. वाचून तूच मला धीर द्यायला धावत येशील.

काल फोनवर म्हणालीस, "ताई, तुझ्या हाताला गुण आहे. आटलं दूध."

बायकांनी मला हे म्हणावं म्हणून ह्या सहीसाठी इतकी वर्षं भांडले गं. तू म्हणायला नको होतंस.

तुझीच,
ताई