माझ्या रोपाला काहीही झालेलं नाही

२३ फेब्रुवारी
आजपासून रोजनिशी. मी बोलते, फोन लिहितो. मला अक्षर वाचता येत नाही, त्यामुळे खुद्द माझ्यापासूनसुद्धा ही सुरक्षित आहे.
गुडघ्यांसाठी डॉक्टर म्हणतो, दर सोमवारी पोहण्याच्या तलावात उतरून व्यायाम करा. या वयात मी पाण्यात उड्या मारू? मिमूनला सांगितलं, आपल्या गावाकडच्या, केतामाच्या डोंगरातलं औषध मला ठाऊक आहे. आता इथे ड्युसेलडॉर्फमध्ये घरात गांजाची तीन रोपं लावायला सरकारची परवानगी आहे. एक लावते, तेल काढते, गुडघ्याला चोळते. मिमून म्हणाला, "आई, मे महिन्यापर्यंत तेल निघालं तर तलाव रद्द. नाही निघालं तर मुकाट्याने जायचं." लेकाने आईशी पैज लावली. लावू दे. हरणार तोच.

२४ फेब्रुवारी
समोरच्या रोस्विताबाईंनी आणि मी एकाच दुकानातून एकच बी आणलं. त्या दर सोमवारी तलावावर जातात, त्यांना सोबत हवी आहे. दुकानदार म्हणाला, ही जात दिवस लहान व्हायची वाट बघत नाही, वेळ झाली की आपोआप फुलते. मी हसले. माझ्या घरात माझ्या परवानगीशिवाय कोणी फुलत नाही.

२ मार्च
उगवली! कपाटात दिवा, दिव्याखाली माझी पोरगी. रोस्विताबाई पुस्तक वाचून लावताहेत. बिचाऱ्या.

११ मार्च
पानं खाली लोंबली. निदान सोपं आहे: रमजान चालू आहे, घरात सगळ्यांचा रोजा, पोरगीही धरून बसली असणार. आजपासून तिला माझ्याबरोबर पाणी. पहाटे एकदा, सूर्यास्ताला एकदा. आणि लहान मुलांना रोजा लागू नसतो, म्हणून दुपारीही एकदा.

१५ मार्च
जास्तच लोंबली. तहान फार दिसते. पेला मोठा घेतला.

१७ मार्च
रोस्विताबाई आल्या. मातीत बोट खुपसलं, कुंडी उचलून पाहिली, पानाचं टोक चिमटीत धरलं आणि म्हणाल्या, "पाणी जास्त झालं." तहानलेलं पान कागदासारखं पातळ पडतं म्हणे, हे फुगून लोंबलंय. माती वरून सुकेपर्यंत थेंब नको. बरं. आजपासून पाणी बंद. मी शब्दाची पक्की आहे.

२१ मार्च
ईदचे पाहुणे. पेल्यांच्या तळाशी पुदिन्याचा गोड चहा उरतोच. तो मोरीत ओतणं मला पाप वाटतं. कुंडीत ओतला. पाणी मात्र एक थेंब दिलं नाही.

२३ मार्च
अजून पाहुणे.

२८ मार्च
खालची पानं पिवळी! आमच्या डोंगरात पिवळं पान म्हणजे कापणी जवळ आली. एवढ्या लवकर! गावी यामनाला, माझ्या धाकट्या बहिणीला, फोनवर दाखवलं. ती म्हणाली, "ताई, कॅमेरा शेताकडे कर ना, ही कोथिंबीर काय दाखवतेस?" मी कॅमेरा शेताकडेच धरला होता. फोन जुना झालाय.

२९ मार्च
रोस्विताबाई म्हणतात, मुळं बुडाली की रोपाला जेवण घेता येत नाही, म्हणून खालची पानं पिवळी पडतात. मला त्यातलं जेवण तेवढं पटलं. खाटीक द्रीसने कोंबडीखताच्या गोळ्या आणून दिल्या. पिशवीवर काहीतरी लिहिलं होतं. मी मूठभर घातल्या. भुकेल्या पोरीला कोणी मोजून वाढतं का?

३ एप्रिल
पानं काळपट हिरवी, घारीच्या नखांसारखी खाली वळलेली, टोकं तपकिरी. रोस्विताबाई: "खत जास्त झालं, टोकं जळली." मी म्हटलं, पानाला पाच बोटं आहेत आणि बोटांच्या टोकांना मेंदी लागली आहे. पोरगी नवरी होणार. त्यांनी चष्मा काढून पुसला. माझ्या अनुभवापुढे बोलणार काय?

५ एप्रिल
कपाटात चिलटं. रोस्विताबाईंनी विचारलं, "अझमानीबाई, पाण्याशिवाय आणखी काही ओतता का?" मी म्हटलं, पाणीसुद्धा ओतत नाही. खरं तेच सांगितलं.

८ एप्रिल
मिमून कामावर गेल्यावर दिवा अगदी जवळ आणला. डोंगरातला सूर्य काय लांब असतो?

१० एप्रिल
पानांच्या कडा वर वळल्या, जणू दुआ मागायला हात पसरलेत. किती गुणी! सुनेला, लुईझाला, बोलावून दाखवलं. ती म्हणाली, "आई, दुआ कसली, ती दया मागतेय. तो दिवा वर घ्या." सुनांना श्रद्धा नाही.

१३ एप्रिल
अखेर खरं निदान झालं. नजर लागली. रोस्विताबाईंची. किती वेळा पानं निरखतात! नजर उतरवायला हरमलच्या बियांची धुनी दिली. छताला लावलेलं धुराचं यंत्र किंचाळायला लागलं, अख्खी इमारत रस्त्यावर. रोस्विताबाई न्हाणीघराच्या झग्यात उभ्या, डोक्याला फेस. मिमून सगळ्यांची माफी मागत फिरला. मी मान खाली घातली. हसू आवरत नव्हतं.

१६ एप्रिल
शेंड्यावर पांढरे केस आले. फूल! पण पोरगी अजून चहाच्या किटलीएवढीच आहे. मी तिला समजावलं, बाई गं, घाई करू नकोस, आधी वाढ.

१९ एप्रिल
ऐकत नाही. रोस्विताबाई म्हणाल्या, ही जात थांबत नाही. सुरुवातीचे दिवस आजारात गेले की गेले, भरून काढायला वेळच नसतो. आज मी पोरीला रागावले नाही. चहा मात्र ओतला.

९ मे
कापणी. एक फूल, ऑलिव्हच्या फळाएवढं. मिमूनने मसाल्याच्या काट्यावर ठेवलं, काटा हलला नाही. तेल निघालं तर डासाच्या गुडघ्याला पुरेल. रोस्विताबाईंचं रोप त्यांच्या छातीला लागतं. मी हसत म्हटलं, त्यातलं थोडं द्या की. "कायद्याने देता येत नाही." एक पान? "पानसुद्धा नाही." मग त्यांनी माझी कुंडी उलटी केली. मुळं काळी, चिकट, वास पुदिन्याचा. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "चहा?"
मी म्हटलं, चहाला आम्ही पाण्यात धरत नाही.
मिमूनने लुईझाला पोहण्याचे पायघोळ कपडे आणायला पाठवलं.

११ मे, सोमवार
उतरले पाण्यात. कमरेला फोमचा पट्टा, बाजूला रोस्विताबाई. शिकवणारा ओरडत होता आणि आम्ही बारा म्हाताऱ्या लाथा मारत होतो. गुडघे दुखले नाहीत. हे मिमूनला सांगणार नाही.
बाहेर आल्यावर रोस्विताबाईंनी माझा हात हातात घेतला. बोटं फुगलेली, टोकं पांढरी, सुरकुतलेली. त्यांनी एकेक टोक चिमटीत धरून पाहिलं आणि म्हणाल्या, "पाणी जास्त झालं."
मी म्हटलं, छे, नजर लागली.