फुकटच्या लिंबाची हकिगत

ति. ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. तुझी कंबर कशी आहे? भावोजींचा गुडघा? (आम्हा दोघांचे चांगले चांगले भाग जोडले तर एक धड माणूस होईल, असं भावोजी परवा फोनवर म्हणाले.) आम्ही मजेत. चष्म्याचं दुकान बरं चाललंय. लोकांचे डोळे वेळच्या वेळी बिघडताहेत, देवाची कृपा आहे.

पत्रास कारण, झाड. हा शब्द वाचून तू पत्र खाली ठेवशील, म्हणून आधीच सांगतो, पुढे वाच. गेल्या वर्षी वादळात तुझ्या दारातलं तुतीचं झाड मुळासकट आडवं झालं, तेव्हा मी मदतीला आलो होतो. (मदत म्हणजे लाकूड तोडणाऱ्यांना लांबून ‘सांभाळून, सांभाळून’ असं ओरडणं. तेही कुणीतरी करावं लागतं.) निघताना एक सरळशी फांदी मागून घेतली, दुकानातल्या वरच्या फळीवरची खोकी पुढे ओढायला. त्या दिवशी तू म्हणालीस, “आता या दारात झाड लावायचं नाही. एकदा रडले, पुरे झालं.” लग्न होऊन त्या घरात आलीस त्या वर्षी तू स्वतःच्या हाताने लावलेलं ते झाड, तेव्हा मी फांदी खांद्यावर टाकून निघालो. पण मीही तुझाच भाऊ. मनात ठरवून टाकलं की ताईच्या दारात पुन्हा झाड उभं करीन तरच नावाचा.

त्याच आठवड्यात पालिकेच्या बागेत फुकट रोपं वाटत होते. फुकट म्हटल्यावर काय गर्दी! ज्यांच्या घरात चप्पल ठेवायला जागा नाही ते दोन-दोन आंबे बगलेत मारून निघाले होते. माझ्या वाट्याला लिंबू आलं. करंगळीएवढं खोड, चार पानं आणि एक काटा, तोही होतकरू. माळी म्हणाला, “रोज थोडं पाणी घाला, बाकी काही करू नका.” आता हे ‘बाकी काही न करणं’ मला जन्मात जमलेलं नाही, हे तुला ठाऊकच आहे.

घरी आल्याबरोबर गच्चीवरच्या जुन्या पिंपात त्याची स्थापना केली. चहाचा चोथा, अंड्यांची टरफलं, तांदळाचं धुवण, जे हाताला लागेल ते त्याला दिलं. ही म्हणाली, “आता त्याला दुपारचा डबाही बांधून देऊ का?” मी लक्ष दिलं नाही. थोड्या दिवसांनी रोप एका बाजूला कललं, म्हणून तुझ्याकडच्या फांदीचा हातभर तुकडा मोडून शेजारी खोचला आणि चष्मा गळ्यात अडकवायची दोरी असते ना, तिने रोप त्याला बांधलं. मग मधे काही दिवस ते रुसलं. चारही पानं गळाली. ही म्हणाली, “गेलं.” मी म्हणालो, थांब. आणि एके सकाळी पाहतो तो काय, कोवळं, हिरवंगार पान! मी जिन्यावरून ओरडतच खाली आलो. (शेवटच्या तीन पायऱ्या बसून.)

त्यानंतर त्याने मागे वळून पाहिलं नाही. आज ते माझ्यापेक्षा उंच आहे. पानं तळहाताएवढी. काटा तर कुठल्या कुठे गेला, चांगल्या घरात वाढल्याचा परिणाम. शेजारचा औषधवाला गच्चीवर येऊन म्हणाला, “चष्मेवाले, लिंबाला अशी करवतीसारख्या कडांची पानं नसतात हो.” मी त्याला तसाच खाली नेला, तक्त्यासमोर बसवला, डोळे तपासले. नंबर वाढलाच होता! नवा चष्मा करून दिला, घरचा म्हणून फ्रेममध्ये सूटही दिली. तो चष्मा लावून पुन्हा वर आला आणि म्हणाला, “आता तर अगदी स्पष्ट दिसतंय, हे लिंबू नाही.” काही माणसांचा दोष डोळ्यांत नसतोच. पान चुरगळून वास घ्या म्हणाला. घेतला. वास आला नाही, पण मला सर्दी होती.

सांगायचं एवढंच, की नजर हा माझा धंदा आहे आणि माझं लिंबू उत्तम आहे. लिंबं धरली की ते घेऊन येतो. मग बघू दारात झाड नको कसं म्हणतेस ते.

भावोजींना नमस्कार. मुलांना आशीर्वाद.

तुझा,
बारक्या
(वजन विचारू नये.)

ता. क. पत्र टाकायचं राहिलं ते बरं झालं. आज घरमालकीणबाई खालून कडाडल्या. त्यांच्या वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरींवर जांभळे डाग. मी कठड्यावरून ठणकावून सांगितलं की लिंबाचा डाग जांभळा पडत नाही, कावळ्यांना विचारा. त्यांनी पुराव्यादाखल एक फळ वर आणून हिच्या हातात ठेवलं. हिने ते तोंडात टाकलं. मग हळूच म्हणाली, “अहो, हे ताईंच्या दारातलं आहे.”

ता. क. २. पिंपात वर्षभर साठलेला चोथ्या-टरफलांचा थर उकरला. लिंबू सापडलं. काडी होऊन कधीच वाळून गेलेलं, दोरीने अजून घट्ट बांधलेलं. आधाराला लावलेली तुझी फांदीच जगली, ताई. मीही एक फळ खाल्लं. तीच चव, मुलांची तोंडं जांभळी करणारी. मला रडू आलं. हिला सर्दी म्हणून सांगितलं, तर म्हणाली, “वर्षभर ऐकतेय.” औषधवाल्याला अजून काही कळवलेलं नाही. तूही कळवू नकोस.

ता. क. ३. झाड महिनाअखेर हललं नाही तर आम्हीच हलायचं, असा मालकीणबाईंचा निरोप आहे. ही म्हणते, त्याला माहेरी पाठवा. म्हणून हे पत्र टपालात न टाकता हातोहात देतोय. ज्याने ते तुला आणून दिलं तो टेम्पोवाला दारातच उभा असेल. आधी त्याला पाणी दे. पिंप मागे आहे, आम्ही चौघांनी मिळून चढवलंय, तेव्हा परत पाठवायचा विचार मनात आणू नकोस. खड्डा खणायला माणूस शोधायचीही गरज नाही. वर्ष झालं, जुना खड्डा तू कुणाला बुजवू दिला नाहीस, हे भावोजींनी मला कधीच सांगितलंय.