बूच वरच्या बाजूला

३ एप्रिल.
रुद्राणीचं लग्न ८ मेला. धाकट्या दिरांची एकुलती मुलगी. तिला सासरी मुखेडला जायचंय ते काकांच्या पिकअपमधूनच. काका, म्हणजे आमचे हे, जाऊन चार वर्षं झाली. पिकअपचा मागचा अ‍ॅक्सल खडखडतो, तेल गळतं. ती बनवणारी कंपनी कधीच बंद पडली. जाऊबाई गौरम्मा म्हणतात, आक्का, त्या डबड्याचा नाद सोडा, भाड्याची मोटार ठरवलीय. मी फोन करून मोटार रद्द केली. १९७९ ची बी.एस्सी. आहे मी, फिजिक्स.

९ एप्रिल.
नांदेडच्या भंगारात तसाच अ‍ॅक्सल सापडला. अख्ख्या मराठवाड्यात दुसरा नसावा. भंगारवाल्यानं त्याला म्हैस बांधली होती. शेणासकट आणला. तीनदा हात धुतले.

१७ एप्रिल.
संगमेश्वर मिस्त्री माझा जुना विद्यार्थी. वर्गातही चघळत असे. आता गुटखा. दोन्हींतले बरे गिअर, बरी बेअरिंग घेऊन एक अ‍ॅक्सल जुळवला. सगळ्यावर लाल शिंतोडे. रॉकेलनं मीच पुसले.

२२ एप्रिल.
गळतीचं कारण मला सापडलं. तेलाचं बूच खालच्या बाजूला आहे. बुडाला भोक असलेलं भांडं गळणारच. अ‍ॅक्सल उलटा बसवायला सांगितला, बूच वर. संगमेश्वर म्हणे, मॅडम, कंपनीनं तसंच दिलंय. विचारलं, कुठे आहे ती कंपनी आज? पिंक टाकली. मग म्हणे, तुम्ही म्हनता तर करून राहिलो.

३० एप्रिल.
बसला. तेलाचा थेंब नाही. ट्रायल घेतली नाही. स्वतःच्या कामावर विश्वास असावा. यांनी हौसेनं लावलेला रिव्हर्सचा भोंगा मात्र काढायचाय. कोणी बाई हिंदीत किंचाळते, गाडी पीछे आ रही है. दोन मिनिटांचं काम. उद्या.

७ मे, सकाळ.
दारात पहिला गिअर टाकला. गाडी मागे गेली. आचाऱ्याचं वरणाचं पातेलं आडवं. दुसरा टाकला, आणखी जोरात मागे. तिसरा, चौथाही तसेच. रिव्हर्स टाकला, तेव्हा पुढे. संगमेश्वर तोंड दाबून हसत होता, म्हणे, मॅडम, अ‍ॅक्सल उलटा तर चाकंबी उलटी. निर्लज्ज. गौरम्मा म्हणाल्या, आक्का, आता मोटार कुठनं आणू, समद्या बुक हायत. मी म्हटलं, पुढे जाते ना? मग झालं. भोंगा राहिला. अंगभर वरण होतं.

८ मे.
पाठवणी. रुद्राणी आणि जावई मल्लेश माझ्या शेजारी. मागे सगळं गाव रडत होतं. रिव्हर्स टाकला. बाई किंचाळली, गाडी पीछे आ रही है. मंडळी धोतरं-पदर सावरत पळाली. गौरम्मांचं रडणं जागीच थांबलं. नांदेड नाक्यापर्यंत बाई गप्प बसली नाही. हातगाडीवाला आम्हाला मागे टाकून गेला. मल्लेश म्हणाला, काकू, दुसरा टाका की. रुद्राणीनं त्याला चिमटा काढला.

शेवटी मागून मुखेडची एसटी आली. दोघांनी हात केला. रुद्राणी शालू सावरत चढली, खिडकीतून म्हणाली, काकू, तुम्ही निवांत या. कंडक्टरनं नवरीला बसायला जागाही करून दिली. आगाऊ माणूस.

मी नाक्यावर आहे. घरी मागे जायला चार गिअर आहेत, आणि त्यात भोंगा वाजत नाही.

वाकून गाडीखाली पाहिलं. तेलाचा थेंब नाही.