दुहेरी बार

४ फेब्रुवारी

रायफल आली. दोन माणसांनी पेटीसकट उचलून आणली. दाराशी टेकवताना एकजण धापा टाकत म्हणाला, ही बंदूक की तोफ! नळीत माझा अंगठा सहज फिरतो.

संग्रहालयातल्या बाई वर्षभर मागे लागल्या होत्या, मी टोलवत होतो. या ठासणीच्या रायफलीचा आवाज त्यांना ध्वनिमुद्रित करून ठेवायचाय. एकच बार, पण खांद्याला लावून — कारण फोटोही हवेत. म्हणाल्या, हिला ओळखणारं तुमच्याशिवाय कोणी उरलं नाही.

उरलाय एकजण.

५ फेब्रुवारी

एकवीस वर्षं आम्ही दोघं भाऊ हिची प्रात्यक्षिकं करत होतो. बंदुकीची दारू मोजून ओतायचो मी, बार उडवायचा दादा. एवढ्या जड गोळीचा धक्का साधा नसतो, पण दादा एक पाऊल मागे यायचा आणि हसायचा. मी मागे उभा, तळहात त्याच्या पाठीवर.

दोन वर्षांपूर्वीचं प्रात्यक्षिक. खूप गर्दी, लोक दोरीच्या आत शिरत होते. मी नळीत दारू ओतली आणि त्यांना मागे सारायला गेलो. परत आलो तोवर दादाने गोळी ठासून ठेवली होती. बार उडाला. दादा जमिनीवर! खांदा निखळला, हाड दोन ठिकाणी मोडलं. तो हात पुन्हा कधी वर गेला नाही.

इस्पितळात त्याने एवढंच विचारलं, "किती मापं घातलीस?"

"एक."

त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. तेव्हापासून बोलणं बंद.

८ फेब्रुवारी

धक्का मोजायला गाडा तयार केला. चार चाकं, वर लाकडी खाच, तिच्यात रायफल पट्ट्यांनी आवळली. वाळूची दोन पोती घातली म्हणजे वजन साधारण माझ्याएवढं. चापाला दोरी, दोरी भिंतीच्या आड. पाव मापापासून सुरुवात. बार झाला की गाडा किती मागे सरला ते खडूने आखायचं.

९ फेब्रुवारी

दिवसभरात तोंडातून फक्त आकडे निघाले — "एक." माप ओतताना. हल्ली सगळं मोठ्याने मोजतो. जिन्याच्या पायऱ्यासुद्धा.

११ फेब्रुवारी

आज पूर्ण माप. गाडा दोन हात मागे गेला आणि शांतपणे थांबला. पुन्हा भरलं, पुन्हा तेवढाच. धक्का जोरकस, पण हाड मोडणारा खासच नाही. दस्त्याला जाड चामड्याची गादी शिवली, आत थोडं शिसंही बसवलं. बंदूक जितकी जड तितका खांद्याला आराम.

मग दादाचं हाड मोडलं कशाने?

१४ फेब्रुवारी

करू नये ते केलं. भिंतीआड दडून दोन मापांचा बार उडवला. गाडा उसळला, मागच्या फळीवर आदळला, फळी चिरली. एक पोतं फुटून वाळू सगळीकडे.

नळी शाबूत आहे, तिच्या भिंती लोहाराच्या ऐरणीसारख्या जाड. पण आता शंका उरली नाही. त्या दिवशी दुहेरी बार होता. ओतणारा मी. मला एकच आठवतं, पण आठवणीचा काय भरवसा? गर्दीच्या गोंधळात हाताने दुसऱ्यांदा ओतलं असेल, डोक्याला पत्ता नसेल. आणि गोळी ठासायच्या गजावर खूण असते — दारू जास्त झाली की गज तेवढा वर उरतो. ती बघायची माझी जबाबदारी. बघितली नाही.

१५ फेब्रुवारी

दादाला चिठ्ठी लिहिली. तीन फाडल्या, चौथी ठेवली. त्यात फार काही नाही. गाड्यावर करून बघितलं, दुहेरी बारच होता, चूक माझीच, तुझा खांदा माझ्यामुळे गेला. माफ कर म्हणायची लाज वाटते, तरी म्हणतो.

पत्रपेटीत टाकून आलो. परतताना उगाच लांबच्या रस्त्याने आलो. घरी जायची घाई कोणाला?

१८ फेब्रुवारी

वहिनीचा फोन. दोन वर्षांत पहिला. तुमची चिठ्ठी वाचल्यापासून हे जेवत नाहीत की बोलत नाहीत, म्हणाली. काय लिहिलंत एवढं? मी सांगितलं, खरं तेच लिहिलं. मग तिने विचारलं, "भावोजी, एकटे जेवता का हो अजून?" मी म्हटलं, सवय झाली. तिने फोन ठेवला.

२१ फेब्रुवारी

आज बार काढला. मोकळ्या खाणीत, सकाळी. बाई आणि त्यांचा ध्वनिमुद्रणवाला लांब, कानांवर हात.

माप ओतलं. "एक." गोळी ठासली. गजाची खूण तीनदा बघितली. मग पाय फाकवून उभा राहिलो, डावा पुढे, गुडघे सैल, दस्ता खांद्यात घट्ट दाबून, वजन पुढच्या पायावर. दादा उभा राहायचा तसा. सत्तावन्नाव्या वर्षी पहिल्यांदा या बाजूला उभा होतो. इतकी वर्षं हे तो झेलत होता आणि मी मागून फक्त हात लावत होतो.

चाप ओढला. खांद्याला कोणीतरी दार आपटावं तसं झालं. दोन पावलं मागे गेलो. पडलो नाही. धुरात काही दिसेना. पाठ उघडी, गार वाटली. मागे कोणी नव्हतं.

बाई धावत आल्या, फार छान आवाज आला म्हणाल्या. मला ऐकूच आला नव्हता. खांद्यावर काळानिळा वळ, बस्स. हात वर जातो.

हात वर जातो म्हणून रडू आलं. बाईंना सांगितलं, धूर गेला डोळ्यांत.

२३ फेब्रुवारी

दादा आला. उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. म्हणाला, "तू लोकांना हटवायला गेलास तेव्हा दुसरं माप मी ओतलं. एवढी माणसं जमली होती, मोठा दणका हवा होता मला."

मी दार लावून घेतलं. कडी घातली. तिथेच उभा राहिलो. बाहेर पावलं वाजली नाहीत, तो गेला नव्हता.

कडी काढली.