काळा पडदा तुमच्या लिनक्समुळे नव्हता

अहो,

मी डिचोलीला ऑफिसात जाते आहे. साईशला पेज भरवून झोपवलंय, आई त्याच्याजवळ आहेत. दुपारी आलात की माशांचं हुमण गरम करून घ्या. सकाळी पोदेर देऊन गेला ते पाव टोपलीत आहेत.

घरून काम करायला ऑफिसचा कॉम्प्युटर लांबून उघडला की सोमवारपासून नुसता काळा पडदा येतो, त्यावरून सकाळी मी तुमच्यावर चिडले. तुम्ही घरच्या कॉम्प्युटरवर विंडोज काढून लिनक्स घातलंत म्हणूनच बिघडलं, असंही बोलले. ते चुकलं. तुम्ही गेल्यावर मी रिझोल्यूशन बदलून बघितलं, सगळं काढून पुन्हा इन्स्टॉल केलं, तरी काळंच. शेवटी नेटवर वाचलं, की तिकडच्या मशीनवर त्याच नावाने आधीच कोणी लॉगिन करून बसलं असेल, तर लांबून जोडणाऱ्याला असा काळा पडदा दिसतो.

म्हणून माझ्या शेजारच्या टेबलावरच्या शुभांगीला फोन केला. ती म्हणाली, "तुझ्या जागेवर नवीन मुलगी बसते गो. साहेबांनी तिला तुझंच लॉगिन दिलंय. तू आता कामावर येणार नाहीस, असा तुझ्या घरून फोन आला होता ना?"

मी असा फोन केलेला नाही. आईंना तर ऑफिसचा नंबरही ठाऊक नाही.

साहेबांशी मी बोलेन आणि माझी जागा परत मागेन. संध्याकाळच्या बसने येते. तोपर्यंत मला काय सांगायचं, ते तुम्ही ठरवून ठेवा.

सुविधा